साखर : आपल्याच घरून निघालेला शब्द

साखरखेर्ड्याच्या नावातच 'साखर' हा शब्द आहे. तरीही येथील विद्यार्थ्याला इंग्रजीच्या पुस्तकातील 'शुगर' परका वाटतो आणि तो उच्चारताना तो बिचकतो. वस्तुतः हा शब्द आपल्याच घरून निघून, दूरचा प्रवास करून परत आलेला आहे.

संस्कृतातील 'शर्करा' म्हणजे मुळात बारीक खडे. पालीत त्याचे रूप 'सक्खरा'. खडा आणि साखर असे दोन्ही अर्थ त्यात आहेत. उसाचा रस आटवून दाणेदार साखर करण्याची विद्या भारतात विकसित झाली आणि त्या दाण्यांना खड्यांचेच नाव मिळाले. आपली 'खडीसाखर' आजही त्याची आठवण देते. पुढे हा शब्द दोन वाटांनी पश्चिमेस गेला. ग्रीकांकडे तो 'साक्खारोन' झाला. १८७९ साली शोध लागलेल्या 'सॅकरिन'चे नाव त्याच कुळातले. दुसऱ्या वाटेने तो फारसीत 'शकर', अरबीत 'सुक्कर', फ्रेंचमध्ये 'सुक्र' आणि इंग्रजीत 'शुगर' झाला. फारसी 'शकर' तर आपल्या गावाच्या इतिहासातही आहे. १७२४ साली येथे निजाम-उल-मुल्काने मुबारिझखानाचा पराभव केला, त्या लढाईच्या वृत्तांतात गावाचे नाव 'शकरखेडा' असे येते.

या प्रवासातून मला एकच गोष्ट सांगावयाची आहे. आपल्या आजीच्या तोंडची 'साखर' ही 'शर्करे'चे बिघडलेले रूप नव्हे. पालीतला 'ख' तिने आजवर जपला आहे. बोलीला अशुद्ध म्हणून हिणवले की मूल प्रथम घरच्या भाषेची लाज बाळगते आणि मग इंग्रजीचे भय. बुद्धवचन छंदस् भाषेत घालण्यास तथागतांनी नकार दिला, ही चुल्लवग्गातील नोंद म्हणूनच मोलाची आहे. बाबासाहेबांनी इंग्रजीत विपुल ग्रंथलेखन केले आणि पालीचा कोशही रचला. त्यांना एका भाषेसाठी दुसरी टाकावी लागली नाही.

म्हणून आपल्या शाळेने इंग्रजीच्या तासाला आठवड्यातून एका शब्दाचे कूळ विद्यार्थ्यांकडून शोधून घ्यावे, अशी माझी नम्र सूचना आहे. त्यात पाली असावी आणि घरची बोलीही असावी. आरंभ 'शुगर'पासून करावा. आपले नातेवाईक जगभर पसरले आहेत हे ज्याला कळले, तो जगात कोठेही संकोचाने उभा राहणार नाही.