चुकण्याचे भय

बंगळूरच्या एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थी डोळ्यांपुढे आणा. प्रयोगात मिळालेले आकडे पुस्तकातील उत्तराशी जुळत नाहीत आणि प्रयोगवही तर उद्या सादर करावयाची आहे. तो मुकाट्याने शेजाऱ्याच्या वहीतील ‘बरोबर’ आकडे उतरवून घेतो. एरवी हाच मुलगा रस्त्यात सापडलेले पाकीट मालकाचा शोध करून परत देईल. स्वतःचा एखादा लहानसा उद्योग काढावा, असेही त्याच्या मनात आहे. परंतु घरी तो विषय काढण्याचे त्याला धैर्य होत नाही. या दोन गोष्टींचा परस्परांशी काय संबंध, असे कोणी विचारील. पुष्कळदा त्यांचे मूळ एकच असते, आणि ते म्हणजे चुकण्याचे भय.

अमेरिकेतील हार्टशोर्न व मे या संशोधकांनी हजारो शाळकरी मुलांच्या सचोटीची कसोटी पाहून आपले निष्कर्ष १९२८ मध्ये प्रसिद्ध केले. मुलांची ‘प्रामाणिक’ आणि ‘अप्रामाणिक’ अशी सरळ विभागणी करता येत नाही, असे त्यांना आढळले. गणितात फसवणूक करणारे मूल खेळात सचोटीने वागते. प्रसंग कोणता आणि भोवतालचे वातावरण कसे, यावर पुष्कळ अवलंबून असते. जेथे केवळ गुणांना मान, तेथे नकलेचा मोह वाढतो. जेथे समजून घेण्याला मान, तेथे तो ओसरतो, असे पुढील अभ्यासांतूनही दिसून आले आहे.

उद्योगाच्या इच्छेचेही तसेच आहे. मानसशास्त्रज्ञ आइसेक आयझेन यांनी १९९१ मध्ये मांडलेल्या विवेचनानुसार, मनुष्याचा निश्चय तीन गोष्टींतून घडतो: त्या कार्याविषयी त्याचे स्वतःचे मत, जवळच्या माणसांची अपेक्षा आणि ‘हे मला जमेल’ असा विश्वास. यांतील दुसरी गोष्ट तर सर्वस्वी आपल्या, म्हणजे वडीलधाऱ्यांच्या, हाती असते. आणि तिसरीचे बीजही बहुधा घरातच रुजते.

लक्ष्मणराव किर्लोस्करांचेच उदाहरण पाहा. ते मुंबईस चित्रकला शिकावयास गेले. परंतु रंग ओळखण्यात डोळ्यांचा दोष आढळला आणि रंगकाम सोडावे लागले. तेव्हा ते यंत्रांच्या आरेखनाकडे वळले व त्या विषयाचे शिक्षक झाले. पुढे हक्काची बढती डावलली गेली, तेव्हा त्यांनी नोकरी सोडली आणि बेळगावी बंधू रामुअण्णांसह सायकलींच्या व्यवसायात लक्ष घातले. लोखंडी नांगर तयार केला, तर लोखंडाने जमीन विषारी होते या समजुतीमुळे आरंभी त्याला गिऱ्हाईकच मिळेना. एकामागून एक अपयशे आली. पण एकही लपवावे लागले नाही, कारण पाठीशी भाऊ उभा होता. १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली आणि १९४६ मध्ये याच घराण्याने बंगळुरात विजेच्या यंत्रांचा कारखाना काढला.

आता पुन्हा त्या प्रयोगवहीकडे वळू. न जुळणारे आकडे लपविण्याची सवय ज्याला लागली, तो उद्या दुकानाच्या जमाखर्चातील तूट तरी उघड्यावर कशी मांडील? आणि जो तूट वेळीच पाहत नाही, त्याचा व्यवसाय टिकावा कसा? सचोटी ही उद्योगाची शोभा नव्हे. ती त्याची गरज आहे.

म्हणून पालकांना एवढेच सुचवावेसे वाटते. मुलगा वा मुलगी घरी आल्यावर ‘गुण किती पडले?’ या प्रश्नाआधी ‘आज काय जमले नाही?’ असे विचारून पाहावे, आणि उत्तर ऐकून रागावू नये. पहिल्या दिवशी कदाचित उत्तर मिळणार नाही. परंतु आईवडिलांनी आपली स्वतःची एखादी चूक जेवताना मोकळेपणी सांगितली, तर मुलांची जीभही हळूहळू सैल होईल.