विश्लेषण : पावसाळ्यासाठी टाकलेले गार्डन बारचे छत दिवाळीनंतरही का उतरत नाही?

पावसाळ्याच्या तोंडावर राज्यातील गार्डन बार, महामार्गालगतची ‘फॅमिली गार्डन’ हॉटेले आणि शहरांतील गच्चीवरील रेस्टॉरंट बांबू, ताडपत्री आणि पत्र्यांनी झाकली जातात. पाऊस थांबला की हे छत उतरायला हवे. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी त्याच ताडपत्रीखाली थंडीसाठी प्लास्टिकचे पडदे लागतात, वर दिव्यांच्या माळा चढतात आणि थर्टी फर्स्टची गर्दी त्याच छताखाली बसते. उघड्यावरच्या बारची खरी देखभाल रंगरंगोटीची नाही, तर ‘तात्पुरते’ म्हणून उभारलेले वेळेवर उतरवण्याची आहे. ती का महत्त्वाची, हे समजून घेऊ या.

छत उतरले नाही तर काय होते?

मुंबईतील लोअर परळच्या कमला मिल आवारात २९ डिसेंबर २०१७ रोजी मध्यरात्रीनंतर गच्चीवरील दोन लगतच्या पबना आग लागली आणि १४ जणांचा मृत्यू झाला. हुक्क्याच्या निखाऱ्यांची ठिणगी पडद्यांवर पडल्याने आग लागल्याचा निष्कर्ष अग्निशमन दलाच्या चौकशीत निघाला. बांबू, ताडपत्री आणि सजावटीच्या साहित्यामुळे ती काही मिनिटांत पसरली. अनेकांचा जीव स्वच्छतागृहात गुदमरून गेला.

गोव्यात हडफडे येथील नाइट क्लबला ६ डिसेंबर २०२५ च्या रात्री लागलेल्या आगीत २५ जण दगावले. त्यात बहुतांश तिथलेच कर्मचारी होते. तेथेही झावळ्यांचे तात्पुरते बांधकाम आणि बाहेर पडण्याचे अरुंद मार्ग यांची चर्चा झाली.

दोन्ही घटना डिसेंबरमधल्या आहेत. पावसाळ्यात भिजलेला बांबू आणि झावळ्या डिसेंबरपर्यंत खडखडीत वाळतात, नेमकी तेव्हाच गर्दी आणि शेकोट्या वाढतात.

उघड्या जागेत धूर तर निघून जातो ना?

जागा खरोखर उघडी असेल तर जातो. पण वर ताडपत्री आणि चारही बाजूंनी पडदे लावले की ती बंद खोलीच होते. धूर छताखाली साचतो, जळते प्लास्टिक वितळून खाली टपकते. बंदिस्त हॉटेलात धूरशोधक यंत्र, पाण्याचे फवारे, आपत्कालीन दार यांची अपेक्षा असते. ‘गार्डन’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जागेत यातले बरेच काही नसते. म्हणजे धोका बंद जागेचा आणि तयारी उघड्या जागेची!

वारा आणि पाण्याचे गणित काय?

वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला तर बळ चौपट होते. ताशी ६० किलोमीटर वेगाचा वारा दर चौरस मीटरला साधारण १७ किलो दाब टाकतो. २० फूट बाय ३० फुटांच्या छताचे क्षेत्रफळ सुमारे ५६ चौरस मीटर असते. ढोबळ हिशेबाने त्यावर साडेनऊशे किलोंचे बळ येते. वेग ताशी १२० किलोमीटर झाला तर तेच बळ पावणेचार टनांच्या आसपास जाते. भारतीय मानक ब्युरोच्या संहितेत रचनेसाठी वाऱ्याचा मूलभूत वेग पुण्यासाठी सेकंदाला ३९ मीटर, तर मुंबईसाठी ४४ मीटर धरला आहे. म्हणजे ताशी अनुक्रमे सुमारे १४० आणि १५८ किलोमीटर. सुतळीने बांधलेले बांबू या हिशेबात बसत नाहीत.

वादळ पावसाळ्याची वाटही पाहत नाही. घाटकोपरमध्ये १३ मे २०२४ रोजी महाकाय जाहिरात फलक कोसळून १७ जणांचा मृत्यू झाला, तो वळिवाच्या वादळी वाऱ्यातच.

पाण्याचे वजनही फसवे असते. सैल ताडपत्रीत १० चौरस मीटरवर केवळ पाच सेंटिमीटर पाणी साचले तरी अर्धा टन भार होतो. म्हणून छताला उतार हवा आणि ताडपत्री ताणलेली हवी. बांबूने खालून ढोसून पाणी काढणे हा उपाय नाही. त्यात पहिला जखमी होतो तो वेटर.

ऋतूनुसार धोका कसा बदलतो?

पावसाळा : बागेतील दिवे, कारंज्याचा पंप आणि कूलर यांतून विजेचा धक्का बसण्याची भीती असते. बाहेरच्या प्रत्येक सर्किटला ३० मिलिअँपिअरचा गळती रोधक स्विच हवा. दिवे, सॉकेट पाण्यापासून संरक्षित दर्जाचे हवेत. चिकटपट्टी गुंडाळलेले जोड चालणार नाहीत. कुंड्यांखालच्या बशा, छत्र्यांचे पाये आणि कापलेल्या बांबूची उघडी टोके यांत डेंग्यूचे डास वाढतात. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. बारमालकांना ‘ड्राय डे’ नवा नाही, पण बागेलाही तो आठवड्यातून एकदा पाळावा लागतो.

हिवाळा : पडद्याआड ठेवलेली कोळशाची शेगडी दुहेरी धोक्याची. एकीकडे आग, दुसरीकडे कार्बन मोनॉक्साइड. या वायूला वास नसतो आणि रंगही नसतो.

उन्हाळा : उन्हाने ताडपत्री कडक होऊन चिरते, दोर कुजतात, गवती छपरे वाळतात. गॅस सिलिंडर उन्हात राहू नयेत आणि छताच्या खांबांची तपासणी मे उजाडण्याआधी व्हावी.

कायदा काय सांगतो?

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार आस्थापनेने अग्निसुरक्षा यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे प्रमाणपत्र (‘नमुना ब’) वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये द्यायचे असते. परवानाधारक संस्थेकडून ते मिळते. मद्यपरवाना मंजूर नकाशातील जागेपुरताच असतो. त्याबाहेर टेबल मांडून मद्य देणे हा परवान्याचा भंग ठरतो. मुंबईत पावसाळी शेडला मिळणारी पालिकेची परवानगीही मर्यादित काळापुरतीच असते.

अडचण इथेच आहे. यंत्रणा तपासायला जानेवारी आणि जुलै हे महिने ठरलेले आहेत. छत उतरले की नाही हे पाहायची खरी वेळ मात्र ऑक्टोबरची. त्या वेळी कोणी आले नाही, तर थर्टी फर्स्टची रात्र जुन्याच ताडपत्रीखाली जाते.

मालक छत का उतरवत नाहीत?

कारण पैशाचे आहे. दरवर्षी छत चढवणे-उतरवणे म्हणजे मजुरी, साठवणुकीला जागा आणि काही दिवसांचा बुडालेला धंदा. शिवाय झाकलेली जागा बाराही महिने चालते. राज्याने १ नोव्हेंबर २०२३ पासून परमिट रूममधील मद्यावरचा व्हॅट ५ वरून १० टक्के केला. करवाढीच्या विरोधात बारमालकांनी १४ जुलै २०२५ रोजी एक दिवस बंदही पाळला. नफा आकसला की पहिली कात्री देखभालीला लागते. ही अडचण खरी आहे, पण तिची किंमत ग्राहक आणि कर्मचारी मोजतात.

मग मार्ग काय?

गोव्याच्या किनाऱ्यावरचे शॅक हंगामी परवान्यावर उभारले जातात आणि पावसाळ्यापूर्वी उतरवावे लागतात. तेथेही नियमभंग होतात, पण उतरवण्याची वेळ परवान्यातच बांधलेली असते. आपल्याकडेही पावसाळी छताच्या परवानगीवर उतरवण्याची तारीख ठळक असावी. ते उतरल्याचे छायाचित्र पालिकेकडे जमा करणे बंधनकारक व्हावे आणि पुढच्या वर्षीची परवानगी त्यावर अवलंबून असावी. यासाठी नवा कायदा लागेलच असे नाही. परवानगीच्या अटींतही हे बसू शकते.

ग्राहकाने काय पाहावे?

बसण्यापूर्वी तीन गोष्टी पाहा. बाहेर पडायला किमान दोन वाटा आहेत का? त्या वाटांवर पडदे, टेबल किंवा बाटल्यांचे क्रेट आहेत का? डोक्यावरच्या ताडपत्रीला दिव्यांच्या माळा किंवा शेगडीची आच लागते आहे का? उत्तर समाधानकारक नसेल तर टेबल बदलून मागा, नाहीतर सरळ दुसरे हॉटेल गाठा.