साहेबाच्या ताटाची डावी बाजू

इंग्रजाने मसाल्यासाठी सात समुद्र ओलांडले आणि मसाला हाती आल्यावर तो पातेल्यात घालायलाच विसरला, हा विनोद आपल्याकडे फराळाच्या ताटाभोवती हमखास होतो. विलायतेला जाऊन आलेले पाहुणे त्याला दुजोरा देतात. उकडलेला बटाटा, उकडलेला कोबी, उकडलेले मटण. मीठ वरून आणि चव देवाघरी! ऐकणारे खो खो हसतात, आणि लाडवावर हात मारता मारता एका अख्ख्या राष्ट्राचे स्वयंपाकघर आपण निकालात काढतो. हा निकाल खोटा आहे, असे माझे म्हणणे आहे. ते सणाच्या दिवशीच सांगितले पाहिजे, कारण दुसऱ्याच्या अन्नाला नावे ठेवण्याचे पाप माणूस भरल्या पोटीच करतो.

साहेबाचा आपल्याला राग कशाचा येतो? त्याने आपली आमटी, सार, कढी, रस्सा, कालवण ही सारी 'करी' नावाच्या एकाच पोत्यात कोंबली आणि वर त्या नावाची पिवळी पूड डब्यात भरून विकली, याचा. राग रास्त आहे. पण मग 'उकडलेला बटाटा' हे आपण त्याच्यासाठी शिवलेले पोते नव्हे काय?

पहिला आरोप बेचवपणाचा. इंग्रजी स्वयंपाकाची रीत अशी, की मुख्य पदार्थ त्याच्या स्वतःच्या चवीवर सोडायचा आणि तिखट-आंबट प्रत्येकाने पानात घ्यायचे. डोळ्यांतून पाणी काढणारी मोहरी, नाकात झणका आणणारे हॉर्सरॅडिश नावाचे मूळ, पुदिन्याची शिर्क्यातली चटणी, सफरचंदाचा आंबट गर, कांद्याचे लोणचे. वाचकहो, हा प्रकार ओळखीचा वाटत नाही? ही तर ताटाची डावी बाजू! आपल्या पानातली चटणी, कोशिंबीर, लोणचे आणि लिंबाची फोड उचलून ठेवा, आणि नुसता वरणभात पाहुण्यापुढे सारा. तो आपल्याविषयी काय मत घेऊन जाईल?

मसाला विसरल्याची गोष्टही खरी नाही. एसेक्समधल्या एका गावाला तिथल्या केशराच्या शेतीवरून सॅफ्रन वॉल्डन हे नाव पडले. ख्रिसमसच्या पुडिंगात जायफळ, दालचिनी, लवंग आजही पडते. १७४८ साली इंग्लंड पाहिलेल्या पेर काल्म या स्वीडिश प्रवाशाने लिहून ठेवले, की मांस भाजण्याची कला इंग्रजांना इतर कोणाहूनही चांगली साधली आहे. त्यापलीकडे त्यांची मजल फारशी जात नाही, हेही त्याने लिहिले. विस्तवापुढे मांस फिरत असायचे, खाली निथळणाऱ्या चरबीत पिठाचे धिरडे फुगत असायचे. तेच यॉर्कशायर पुडिंग. काटकसरी घरात ते मांसाच्या आधी वाढत, म्हणजे पोटे निम्मी भरून मांस सर्वांना पुरे. ही युक्ती कोणत्या मराठी माउलीला समजावून सांगावी लागेल?

मग ही बदनामी आली कुठून? निम्मी आली कारखान्यांतून. १८५१ च्या शिरगणतीत इंग्लंड-वेल्समध्ये शहरवासीयांची संख्या खेडुतांहून जास्त भरली. परसातला भाजीचा वाफा गेला, गाय गेली, बाई गिरणीत गेली. चहा, पाव आणि डबाबंद जिन्नस यांवर पिढ्या वाढल्या. भाज्या गाळ होईपर्यंत शिजवण्याची खोडही खरी. १८६१ साली पुस्तकरूपाने निघालेल्या मिसेस बीटन यांच्या प्रसिद्ध गृहव्यवस्थापनात मोठी गाजरे सुमारे दोन तास उकडायला सांगितली आहेत. त्या गाजरांची वकिली मी करणार नाही.

उरलेली निम्मी बदनामी आली युद्धातून. १९४० च्या जानेवारीत तिथे रेशन सुरू झाले. माणशी आठवड्याला चहा दोन औंस, म्हणजे आपले जेमतेम पाच तोळे. चीज बहुधा तितकेच. अंडे एक. गावोगावचे दूध सरकारी चेडरकडे वळले आणि प्रत्येक परगण्याचे वेगळे चीज करणारी शेतघरे ओस पडली. युद्धात सुटलेला पाव युद्ध जिंकल्यावर, १९४६ ते १९४८, रेशनवर आला. मांसावरचा निर्बंध ४ जुलै १९५४ ला उठला. चौदा वर्षे! आईच्या हातची चव मुलीच्या हाती उतरायची ती वर्षे अशी गेली. आणि नेमक्या याच काळात लाखो अमेरिकन सैनिक त्या देशात जेवले आणि आपले किस्से घरी घेऊन गेले.

आता आपल्याकडे पाहा. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या आपल्या माणसांनी सुकडी आणि परदेशातून आलेली लाल मिलो खाल्ली. त्या वर्षी कोणी परका इथे येता आणि 'मराठी माणसाचे जेवण म्हणजे मिलोची भाकरी' असे जगाला सांगता, तर आपण त्याला काय म्हटले असते? अवसेच्या रात्री येऊन चंद्राची निंदा करणारा, असेच ना?

कोणी म्हणेल, त्यांचे स्वतःचे आहे काय? सारी उसनवारी! २००१ साली त्यांच्या परराष्ट्रमंत्र्याने, रॉबिन कुक यांनी, चिकन टिक्का मसाल्याला खरा राष्ट्रीय पदार्थ म्हटले, हा दाखला मग हटकून येतो. बरे तर, आपल्या एकादशीचे पान तपासू. बटाटा, मिरची, शेंगदाणे आणि ज्या कंदाचा साबुदाणा होतो तो कंद, चौघेही मूळचे अमेरिका खंडातले. आपल्या उपासाला उसने चालते, आणि त्यांच्या मेजवानीला चालत नाही?

खरा आक्षेप याहून खोल आहे, आणि तो मला मान्य आहे. ज्यांच्या राज्यात १९४३ साली बंगालमध्ये लाखो माणसे अन्नावाचून मेली, त्यांच्या ताटाचे कौतुक आपण का करावे? त्या मृत्यूंचा जाब विचारलाच पाहिजे. मी वर्गात तो धडा आवाज न चढवता शिकवू शकत नाही. पण तो जाब राज्यकर्त्यांना विचारायचा. त्याच वर्षी रेशनच्या रांगेत उभ्या राहिलेल्या लँकेशायरच्या गिरणीतल्या बाईच्या पुडिंगला हसून तो हिशेब फिटत नाही. उलट, पुडिंगला हसलो म्हणजे काहीतरी वसूल केले, असे वाटून खरा हिशेब विसरायला होतो.

आपली मुले हा विनोद आपल्याच तोंडून ऐकतात. उद्या ती शेजारच्याच्या डब्यातल्या सुकटीला नाक मुरडतील, पलीकडच्याच्या चटणी-भाकरीला हसतील. ताटावरून माणूस जोखण्याचा धडा त्यांना घरीच मिळालेला असेल. तेव्हा यंदा लाडू फोडताना साहेबाच्या राज्याला खुशाल शिव्या द्या. त्याच्या घरच्या चुलीला मात्र हात जोडा. तिच्यापुढेही कोणाची तरी आईच बसलेली होती.