साहेबाची हॅट आणि साडेतीन रुपये

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहितोय. कारण एक हॅट आहे, आणि हे वाचून आत्या पुन्हा रागावणार याची पूर्ण कल्पना आहे.

आमच्या माळ्यावर पत्र्याच्या डब्यात आजोबांची सोला हॅट असते. वरून खाकी कापड, आतून हिरवं अस्तर, कपाळाशी कातडी पट्टी. आजोबा माळशिरसच्या बाजूला नीरा उजव्या कालव्यावर ओव्हरसियर होते. घरातली गोष्ट अशी की, विलायतेला परत निघालेल्या गोऱ्या साहेबाने कामावर खूष होऊन स्वतःच्या डोक्यावरची हॅट काढून आजोबांच्या डोक्यावर ठेवली. दर दिवाळीला ही गोष्ट व्हायची आणि साहेबाला बढती मिळायची. मी शाळेत जायला लागलो तेव्हा तो एक्झिक्युटिव्ह इंजिनिअर होता, माझ्या मुंजीपर्यंत चीफ इंजिनिअर झाला :-)

तर झालं असं, की चुलतभावाने जुन्या वस्तू जमवणाऱ्या एका गृहस्थांना तिचे फोटो पाठवले. ते म्हणाले, कुठल्या साहेबाने दिली ते कागदावर लिहून द्या, दुप्पट देतो. लिहायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं (ब्लॉग लिहितो ना!).

म्हणून आयुष्यात पहिल्यांदा ती हॅट नीट पाहिली. पट्टीच्या आत वर्तमानपत्राची घडी कोंबलेली. म्हणजे ती आजोबांना मोठी होत होती. घडीवर तारीख, मे १९४९. आमच्या गोष्टीतला साहेब तर १९४७ सालीच बोटीत बसला होता. म्हटलं, कागद नंतर घातला असेल. पण काकूने आजोबांच्या हिशेबाच्या वह्या जपून ठेवल्यात. त्याच मे महिन्याच्या पानावर त्यांच्या बारीक अक्षरात : 'जुनी हॅट, लिलाव, पुणे - रु. ३-८-०'. आणि लगेच खाली, 'बाळाचे औषध'. बाळ म्हणजे माझे बाबा.

बक्षीस नव्हेच. साडेतीन रुपये मोजून घेतलेली.

ही सोला हॅट म्हणजे मुळात भेंड. पाणथळीत वाढणाऱ्या झाडाच्या आतला पांढरा, हलका गाभा. आपल्याकडे बाशिंगं त्याचीच करत. 'सोला'चा सूर्याशी काही संबंध नाही, ते त्या झाडाचंच नाव, 'शोला'. या उन्हात टोपीशिवाय गोरा माणूस जगणार नाही, असं साहेबांच्या डॉक्टरांचं अनेक वर्षं मत होतं. मग दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशात त्यांचे सैनिक साध्या फेल्टच्या हॅट घालून लढले आणि ते मत मागे पडलं. साहेबांनी टाकून दिलेली वस्तू आजोबांनी लिलावात घेतली, तीही स्वातंत्र्यानंतर दोन वर्षांनी. कशासाठी? उन्हासाठी, की पाटकऱ्यांनी आणि बागाईतदारांनी ऐकावं म्हणून? मला वाटतं दुसरंच.

माझं मत विचाराल तर विकत घेतलेली हॅटच मला जास्त आवडते. बक्षिसात मोठेपणा देणाऱ्याचा. साडेतीन रुपयांत माझे आजोबा आहेत, औषधाच्या पैशांशेजारी हॅटचे पैसे लिहिताना क्षणभर थांबलेले. (थांबले असतील की नाही कोण जाणे, पण मी थांबलो.) जुन्या वस्तूंच्या बाजारात मात्र ओव्हरसियरला भाव नाही, साहेबाला आहे. आणि तो साहेब आपणच आपल्या हाताने लिहून द्यायचा!

आत्याला फोन केला. ती आता ८४ वर्षांची आहे. "म्हणजे आम्ही काय खोटं सांगत होतो का रे इतकी वर्षं?" म्हणून तिने फोन ठेवला. रात्री तिचाच फोन आला. म्हणाली, "घरी येताना दादा ती वेशीपाशी काढायचे. पिशवीत घालायचे आणि काळी टोपी घालून आत यायचे. आईला हॅट आवडायची नाही." हे तिने आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं.

त्या गृहस्थांना मी चिठ्ठी पाठवली आहे : 'कालव्यावरच्या एका ओव्हरसियरने १९४९ साली लिलावात साडेतीन रुपयांना घेतली. डोक्याला मोठी होत होती.' उत्तर अजून नाही. चुलतभाऊ तूर्त माझ्याशी बोलत नाहीये. असो. कागदाची घडी होती तशीच पट्टीत परत घातली आहे.