बूट कॅम्प म्हणे!

चारबाग स्टेशनातून बाहेर पडल्यावर कॅन्टोन्मेंटची रिक्षा पकडण्याआधी जरा भिंती वाचाव्यात. स्पर्धा परीक्षेचे क्लास, एसएसबीचे क्लास, इंग्रजी बोलण्याचे क्लास. अलीकडे या सगळ्यांना एक शेपूट जोडलेलं दिसतं: बूट कॅम्प. कोडिंगचा बूट कॅम्प, सेल्सचा बूट कॅम्प, मुलाखतीचा बूट कॅम्प. सुट्टीवर पुण्याला गेलो की हाच शब्द हिंजवडीच्या रस्त्यावर भेटतो. मुळशी-लोणावळ्याच्या रिसॉर्टवर कंपन्यांचे मॅनेजर शनिवारी चिखलात लोळतात, त्यालाही बूट कॅम्पच म्हणतात.

माझा या प्रकाराला आक्षेप आहे. शब्द आमचा चोरला म्हणून नव्हे. शब्द आमचा नाहीच, तो अमेरिकन मरीन आणि नौदलाचा. आपल्याकडे रंगरूट ‘सेंटर’ला जातो. मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर बेळगावला, महार रेजिमेंटचं सागरला, ११ गोरखा रायफल्सचं इथं लखनौला. माझा आक्षेप असा की बाकीच्या व्यवसायांनी आमच्याकडून घाम उचलला, आरडाओरडा उचलला, पहाटेची शिट्टी उचलली. आणि ज्या गोष्टीमुळे हे सगळं चालतं ती जबाबदारी तेवढी मागे ठेवली.

सेंटरवरचा उस्ताद रगडा देतो, हे सगळ्यांना ठाऊक असतं. सिनेमात तेवढंच दाखवतात. पण हा उस्ताद येतो कुठून? पलटणीतून. दोन-तीन वर्षं सेंटरवर काढून तो परत जातो कुठे? पलटणीतच. ज्या पोरांना त्यानं फ्रंट रोल मारायला लावले, त्यांच्यातलाच कुणी उद्या पेट्रोलवर त्याच्या मागे रायफल घेऊन चालणार असतो. पोरगं कच्चं राहिलं तर त्याची किंमत उस्ताद स्वतः मोजेल, त्याचे जोडीदार मोजतील. म्हणून त्याच्या ओरडण्याला अर्थ आहे. रंगरूट एखाद्या चाचणीत मागे पडला तर त्याला पुढच्या बॅचमध्ये टाकतात. ‘रेलिगेट’ हा शब्द ऐकायला कडू आहे, पण त्याचा अर्थ इतकाच की संस्था त्याच्यावर आणखी काही महिने खर्च करायला तयार आहे. आणि या सगळ्या काळात पोराच्या खिशातून एक रुपया जात नाही. उलट त्याला पगार मिळतो.

दुसरी गोष्ट वेळेची. लोकांना वाटतं सैन्य म्हणजे घाई. उंचावर तैनातीला जाणाऱ्या तुकडीचं वेळापत्रक बघा. नऊ हजार ते बारा हजार फुटांसाठी सहा दिवस, त्यापुढे पंधरा हजारांपर्यंत चार दिवस, त्याहून वर पुन्हा चार दिवस. लेहला विमानातून उतरलेल्या धडधाकट जवानाला पहिले दोन दिवस विश्रांतीचा हुकूम असतो. पळायचं नाही, ओझं उचलायचं नाही. वीस वर्षांचं पोरगं ‘साहेब, मी ठीक आहे’ म्हणतं आणि आम्ही म्हणतो, ‘गप पडून राहा.’ हेही कडक प्रशिक्षणच आहे. हा नियम मोडला तर फुप्फुसात पाणी होऊन माणूस दगावतो. या झोपून राहण्याचा बूट कॅम्प कुणी विकत नाही, कारण त्याचे फोटो चांगले येत नाहीत.

नुसता आरडाओरडा आणि वर कुणाची देखरेख नाही, असं झालं की काय होतं, हे खुद्द मरीननाही शिकावं लागलं. ८ एप्रिल १९५६ च्या रात्री पॅरिस आयलंडवर मॅथ्यू मॅककिऑन नावाच्या प्रशिक्षकानं शिस्त लावायची म्हणून आपली प्लाटून भरती-ओहोटीच्या खाडीत घातली. सहा रंगरूट बुडून मेले. कोर्ट मार्शल झालं, आणि त्यानंतर प्रशिक्षकांची निवड आणि त्यांच्यावरची अधिकाऱ्यांची नजर दोन्ही कडक झाल्या. जगभरचे लोक ज्या बूट कॅम्पची नक्कल करतात, त्यानं स्वतः नियम असे घडवले आहेत.

तरीही नक्कल झाली ती जुन्या आरड्याओरड्याचीच. अमेरिकेत १९८३ पासून, आधी जॉर्जिया आणि ओक्लाहोमात, तरुण कैद्यांसाठी बूट कॅम्प निघाले. डोकी भादरा, कवायत करवा, चार महिन्यांत माणूस सरळ. पुढे अभ्यासकांनी हिशेब मांडला तेव्हा सुटून आलेल्यांच्या पुन्हा गुन्हा करण्यात एकंदरीत फरक पडलेला दिसला नाही. २००६ साली फ्लोरिडाच्या अशाच एका कॅम्पात चौदा वर्षांचा मुलगा दाखल झाल्या दिवशी पळताना कोसळला, पहारेकऱ्यांनी त्याला दाबून धरलं, आणि तो दुसऱ्या दिवशी मेला. त्यानंतर त्या राज्यानं मुलांसाठीचे हे कॅम्प गुंडाळले. कवायत तीच, बूट तेच. पण बाहेर पडल्यावर त्या पोराची वाट पाहणारी पलटण कुठे होती?

आता आपल्याकडचं बघा. लातूर-नांदेडचा बीएस्सी झालेला मुलगा बापाला कर्ज काढायला लावून पुण्यात कोडिंगच्या बूट कॅम्पला बसतो. बारा-चौदा तास स्क्रीनसमोर. पूर्वी मोठ्या आयटी कंपन्या मुलं आधी नोकरीवर घ्यायच्या आणि मग पगार देऊन कित्येक महिने शिकवायच्या. म्हैसूरला इन्फोसिसचा अख्खा कॅम्पस त्यासाठी उभा आहे. तो खर्च आणि ती जोखीम दोन्ही आता हळूहळू पोराच्या गळ्यात येत आहेत. नोकरी लागली तर कॅम्पची जाहिरात. नाही लागली तर ‘तू पुरेसा झोकून दिलं नाहीस.’ सैन्याची भाषा इथं फार सोयीची पडते, कारण तिच्यात अपयशाचा दोष सहनशक्तीवर ढकलता येतो. या धंद्यातलं सुरुवातीचं नाव, सॅन फ्रान्सिस्कोचं डेव्ह बूटकॅम्प, २०१२ मध्ये सुरू होऊन २०१७ मध्ये बंद झालं. संस्था बंद होऊ शकते. कर्जाचा हप्ता बंद होत नाही.

मागच्या हिवाळ्यात एका कंपनीतून फोन आला. बोलणारा मराठी, नोकरीनिमित्त लखनौला आलेला. ‘सर, आमच्या तीस मॅनेजरांसाठी दोन दिवसांचा बूट कॅम्प घ्या. थोडा रगडा द्या, थोडं ओरडा. कम्फर्ट झोनमधून बाहेर आले पाहिजेत.’ सेवेत असताना असं काही घेणं नियमात बसत नाही, हे त्याला सांगितलंच. पण विचारलंही, ‘तुमच्यात सगळ्यात मोठं वय किती? बीपी-शुगर कुणाला आहे? डॉक्टर कोण असेल?’ त्याला माहीत नव्हतं. ‘बरं, सोमवारी ऑफिसात काय बदलणार?’ तो हसला. ‘सर, सोमवारी टार्गेट.’ म्हणजे शनिवार-रविवारी चिखल, आणि सोमवारी तोच बॉस, तोच माणसांचा तुटवडा, तोच रात्री साडेअकराचा मेल. टीम थकली आहे म्हणून तिला आणखी थकवायचं, असा हा उपाय.

मग थोड्या वेळात काही शिकवताच येत नाही का? येतं. उत्तम येतं. त्यासाठी चारबागहून फार लांब जायला नको.

इथल्याच क्रू लॉबीत लोको पायलट ड्यूटीवर चढतो तेव्हा त्याच्या श्वासाची तपासणी होते. नव्या मार्गावर गाडी देण्याआधी त्याला त्या मार्गाच्या जाणकाराबरोबर फेऱ्या कराव्या लागतात. रेल्वेत त्याला ‘लर्निंग रोड’ म्हणतात. कुठे चढ, कुठे वळण, कोणता सिग्नल धुक्यात उशिरा दिसतो, हे पाठ व्हावं लागतं. ठरावीक महिने त्या मार्गावर गाडी चालवली नाही तर पुन्हा फेऱ्या. आणि प्रत्येक लोको इन्स्पेक्टरच्या नावावर ठरावीक पायलट असतात. तो त्यांच्यासोबत इंजिनात उभा राहून त्यांचं काम पाहतो. आमचा उस्ताद आणि हा इन्स्पेक्टर, दोघांत मला फार फरक दिसत नाही.

छावणीत एएमसी सेंटर आणि कॉलेज आहे. पुण्याच्या एएफएमसीतून आणि बाहेरच्या कॉलेजांतून आलेले नवे डॉक्टर अधिकारी इथं बेसिक कोर्स करतात. त्यांना डॉक्टरकी आधीच येते. इथं शिकायचं ते हे की पेशंट टेबलावर नसून खड्ड्यात पडला असेल, तेव्हा तिथवर पोचायचं कसं. कोर्स संपला की प्रत्येकाचं पोस्टिंग ठरलेलं. नागपूरजवळ कामठीला एनसीसीची ऑफिसर्स ट्रेनिंग अकादमी आहे. तिथं गणिताचे, मराठीचे, भूगोलाचे प्राध्यापक काही आठवडे ड्रिल करतात, रायफल शिकतात. पाय दुखतात, आवाज बसतो. पण परत गेल्यावर त्यांच्या कॉलेजात कॅडेट वाट पाहत असतात, आणि पुढच्या रिफ्रेशरचं बोलावणंही येतं.

डॉक्टरांचंच आणखी एक उदाहरण. १९७६ मध्ये जेम्स स्टायनर या अमेरिकन सर्जनचं छोटं विमान नेब्रास्काच्या शेतात कोसळलं. पत्नी गेली, मुलं जबर जखमी. जवळच्या इस्पितळात अशा जखमींचं आधी काय करायचं हे कुणालाच नीट ठाऊक नव्हतं. त्यातून एटीएलएस हा अपघातग्रस्तांच्या उपचाराचा कोर्स उभा राहिला. अवघ्या दोन-तीन दिवसांचा, अत्यंत कसून घेतलेला, आणि आज जगभर मान्य. तो चालतो, कारण तिथं बसणारा आधीच डॉक्टर असतो, नेमकी एकच गोष्ट शिकवली जाते, परीक्षा होते आणि प्रमाणपत्र चार वर्षांनी संपतं. आरडाओरडा शून्य.

एक शब्द निवृत्त झालेल्या आमच्याच बांधवांसाठी. साहेब, रिसॉर्टवरचे हे शनिवार-रविवार बरेचदा तुम्हीच चालवता. पोट सगळ्यांनाच आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण पंचेचाळिशीच्या अकाउंटंटला पुश-अप मारायला लावताना आपण सैन्य म्हणून काय दाखवतो आहोत, याचा विचार करा. तुमच्या पलटणीत रूट मार्चनंतर जवानांच्या पायाचे फोड तुम्ही स्वतः वाकून पाहिलेत. ते शिकवा की त्या मॅनेजरांना! माणसं जेवल्याशिवाय आपण जेवायचं नाही, सुट्टीचा अर्ज अडवून ठेवायचा नाही, चूक झाली तर वरच्याला ‘माझी’ म्हणून सांगायची. याला चिखल लागत नाही. मात्र हे कंपनीला विकणं अवघड आहे, कारण मग बदलावं लागेल ते साहेबाला, टीमला नव्हे.

आणि कुणी तुमच्या पोराला बूट कॅम्पचं पत्रक दिलं, तर किती तास आणि किती कडक हे विचारू नका. शिकवणारा उद्या याच्यासोबत काम करणार आहे का? मागे पडला तर पुन्हा संधी आहे का? पोरगं नापास झालं तर फीशिवाय आणखी कुणाचं काय जातं? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ‘कुणाचंच काही नाही’ असं असेल, तर ते पत्रक चारबागच्या भिंतीवर परत चिकटवून या.