हिरवा दिवा कोणाला दिसतो?

परवा रविवारी सकाळी पत्र्या मारुतीपाशी काका भेटले. हातात दुधाची पिशवी, काखेत घडी घातलेला पेपर. मी नेहमीच्या सवयीने विचारलं, "काका, मंगळवारी येताय ना? नवीन शब्द आलेत तपासायला." काका थांबले, चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "नाही रे. तुमचं ते हिरवं तुम्हालाच लखलाभ." आणि गेले. ना राग, ना आवाज. पुण्यात आवाज चढला नाही की समजावं, प्रकरण गंभीर आहे.

हे काका माझे सख्खे नव्हेत. नारायण पेठेत आम्ही ज्या वाड्यात वाढलो तिथे वरच्या मजल्यावर राहायचे. जन्मभर छापखान्यात काढला. आधी खिळे जुळवले, मग प्रुफं तपासली. 'आचार्यांना नमस्कार' आणि 'आचाऱ्यांना नमस्कार' यातला फरक मी शाळेत नाही, त्यांच्याकडून शिकलो. एक नमस्कार गुरुजींना आणि दुसरा लग्नात जिलब्या तळणाऱ्याला. (दोघेही नमस्काराला पात्र आहेत, हे काकांचंच पुढचं वाक्य.)

आता मूळ प्रकरण. एक कंपनी मराठी टंकनाचं ॲप बनवते. नाव सांगत नाही, कारण मुद्दा एका कंपनीचा नाहीच. त्यांनी स्वयंसेवकांना हाक दिली : मराठी नीट यायला हवी, मदत करा. मी हौशी माणूस, लगेच अकरा जण गोळा केले. त्यात काका. काकांनी वहीत सहाशेच्या वर शब्द लिहून काढले. तऱ्हा, वऱ्हाड, कऱ्हाड, गोऱ्हा, दऱ्या आणि दर्या, ॲ आणि ऑ, रुपया आणि रूप, सगळे खाचखळगे. मी ते टंकून पाठवले. कंपनीने त्यांच्या स्वयंचलित चाचण्या केल्या. म्हणजे काय, तर रोज रात्री प्रोग्राम आपणहून कळा दाबल्याचं सोंग करतो, काय उमटलं ते बघतो आणि अपेक्षित उत्तराशी ताडून पाहतो. जुळलं तर हिरवा दिवा, नाही जुळलं तर लाल. छान व्यवस्था आहे. माणूस झोपला तरी चाचणी झोपत नाही.

फक्त ते दिवे आम्हाला कधी दिसले नाहीत. निकाल कंपनीच्या आत, पासवर्डच्या मागे. मी विचारलं की उत्तर यायचं, "सगळं ग्रीन आहे सर." मी ते काकांना सांगायचो, "काका, सगळं हिरवं आहे." दोन वर्षं सांगत होतो.

दिवाळीत पुतणीच्या लग्नाची पत्रिका काकांनी स्वतःच्या हाताने त्याच ॲपवर टंकली. छापून आल्यावर बघतात तर 'वर्हाडी मंडळींनी' असं! जन्मभर दुसऱ्यांची प्रुफं तपासणाऱ्या माणसाच्या घरच्या पत्रिकेत. चष्मा बदलायला दिला होता, घाई होती, त्यांचं त्यांना दिसलं नाही. त्यांनी मला एवढंच विचारलं, "हा शब्द मी दिला होता ना रे?"

दिला होता. यादीत होता. मग मी हात धुऊन मागे लागलो आणि तिथल्या एका भल्या मुलाने मला त्याच्या शेजारी बसवून ती चाचणी दाखवली. चाचणी हिरवी होती! कशी? 'अपेक्षित उत्तर' त्यांनी काकांच्या वहीतून घेतलंच नव्हतं. सहाशे उत्तरं हाताने भरायचा कंटाळा, म्हणून त्या दिवशी ॲपमधून जे उमटलं तेच अपेक्षित म्हणून साठवलं. ॲप ऱ ऐवजी साधा र देत होतं. म्हणून अपेक्षित उत्तर 'वर्हाड', रोजचं उत्तर 'वर्हाड', दोन्ही जुळतात, दिवा हिरवा. चुकलेल्या मुलाने स्वतःचाच पेपर उत्तरपत्रिका म्हणून जोडावा आणि पैकीच्या पैकी गुण घ्यावेत, तसलं.

आता सांगा, हा निकाल दोन वर्षांत एकदा जरी काकांच्या नजरेखालून गेला असता, तर किती वेळ लागला असता? मी सांगतो. चहा गार व्हायच्या आत.

माझं म्हणणं एका वाक्यात असं : ज्या सॉफ्टवेअरसाठी स्वयंसेवकांकडून फुकट श्रम घेता, त्याच्या चाचण्यांचे निकाल त्या स्वयंसेवकांना उघडे हवेत. लालसकट. उपकार म्हणून नव्हे, कामाचा भाग म्हणून.

छापखान्यात हे कोणाला पटवून द्यावं लागलं नसतं. गॅली जुळली की प्रूफ निघायचं आणि ते लेखकाकडे जायचं. 'प्रूफ ही आमची अंतर्गत बाब आहे, आपण छापील पुस्तकच बघा' असं म्हणणारा छापखाना या पेठेत आठ दिवस टिकला नसता. प्रुफात चुका असतात म्हणूनच ते दाखवायचं असतं.

आणि थोडं मागे जायचं तर एकोणिसाव्या शतकातला पंचांगाचा वाद आठवा. जुन्या गणिताने काढलेली ग्रहस्थिती आणि आकाशात दिसणारी ग्रहस्थिती जुळेना, तेव्हा केरूनाना छत्र्यांनी नव्या गणिताचा आग्रह धरला आणि त्यातून पटवर्धनी पंचांग निघालं. केरूनाना हे टिळकांचे डेक्कन कॉलेजातले गुरू. पुढे टिळकही पंचांगशुद्धीच्या मागे लागले. या मंडळींचा लाडका शब्द 'दृक्प्रत्यय'. कागदावरचं गणित डोळ्यांना पटलं पाहिजे. ग्रहणाची वेळ पंचांगात छापली की कोणीही गच्चीत जाऊन ताडून बघू शकतो, आणि पंचांगकर्त्याची अब्रू त्या गच्चीवर ठरते. 'आमचं गणित आमच्याशी जुळतंय' हा दृक्प्रत्यय नव्हे. केसरीवाड्यापासून हाकेच्या अंतरावर राहून मी हे विसरलो, ही माझी चूक.

बरं, मी काही आकाशातला चंद्र मागत नाहीये. हे जगभर चालू आहे. फायरफॉक्सच्या चाचण्यांचे निकाल 'ट्रीहर्डर' नावाच्या पानावर लॉगिन न करता कोणालाही बघता येतात. फेडोरा आणि ओपनसुसे यांच्या 'ओपनक्यूए' चाचण्या स्क्रीनशॉटसकट उघड्या असतात. पर्ल भाषेच्या जगात तर १९९८ पासून स्वयंसेवकच आपापल्या यंत्रांवर मोड्यूल तपासतात आणि पास-नापास सगळं जाहीर होतं. यातलं एकही लाल दिवे दिसले म्हणून बुडालं नाही.

देवनागरीचंच उदाहरण हवं? हार्फबझ नावाचं इंजिन आहे. जोडाक्षरं पडद्यावर कशी जुळवायची ते हे ठरवतं. अँड्रॉइड, क्रोम, फायरफॉक्स, लिबरऑफिस सगळ्यांत तेच असतं. २०१२ मध्ये बहदाद इस्फहबोद आणि मंडळी त्यातला भारतीय लिप्यांचा भाग घडवत होती, तेव्हा मायक्रोसॉफ्टच्या युनिस्क्राइबशी एकेक शब्द ताडून बघत होती. देवनागरीचे सात लाखांवर शब्द! आणि किती पास, किती नापास हे आकडे थेट बदलांच्या नोंदींतच लिहीत होती. बंगाली इतके नापास, देवनागरी इतके नापास. कोणीही वाचावं. नापासाचा आकडा चारचौघांत सांगायला त्यांना लाज वाटली नाही.

आणि पुण्याचंच हवं असेल तर लोहित फाँट. मूळ फाँट पुण्याच्या मोड्युलर इन्फोटेकचे, २००४ मध्ये रेड हॅटने मुक्त परवान्याखाली आणले, २०११ मध्ये परवाना आणखी सोयीचा झाला. नंतर देवनागरी लोहितची अंतर्रचना नव्याने लिहिली गेली, तेव्हा तपासायचे शब्द आणि अपेक्षित उत्तरं फाँटच्या सोर्सबरोबरच ठेवली. म्हणजे उत्तरपत्रिकाही उघडी. तिथे काकांसारखा माणूस बोट ठेवून म्हणू शकतो, "हे उत्तरच चुकलंय."

आता आक्षेप. मला तोंडपाठ झालेत.

पहिला : "लोक गैरसमज करून घेतील, नाव खराब होईल." लोकांना पत्रिका छापून आल्यावर कळतंच की. नाव चुकीने खराब होत नाही, चूक माहीत असून गप्प बसल्याने होतं. आणि माहीतच नसेल तर जास्तच.

दुसरा : "काही चाचण्या विनाकारण पडतात. नेटवर्क गेलं, यंत्र अडकलं. स्वयंसेवक घाबरतील." हे खरं आहे, मी स्वतः हिंजवडीत हेच काम करतो, मला माहीत आहे. पण मग तसं शेजारी लिहा ना, 'ही चाचणी बेभरवशाची'. ज्या माणसाने आयुष्यभर तुटका खिळा आणि चुकीचा खिळा यात फरक केला, त्याला एवढं कळेल.

तिसरा : "सुरक्षेचा प्रश्न आहे." सुरक्षेच्या चुका दुरुस्त होईपर्यंत झाकाव्यात, मान्य. मोझिलासुद्धा तसंच करतं. पण वऱ्हाडाचा ऱ्ह हे काही राष्ट्रीय गुपित नाही.

चौथा आक्षेप जरा वजनदार आहे : "उघडं ठेवायला माणूस लागतो." लागतो. निकालात कर्मचाऱ्यांची नावं, आतल्या यंत्रांचे पत्ते येतात, ते गाळावे लागतात. विचारणाऱ्यांना उत्तरं द्यावी लागतात. हा खर्च खरा आहे आणि तो नाकारून मी भांडणार नाही. पण अकरा माणसांनी दोन वर्षं दिलेल्या मंगळवारांचा हिशोब कोणी मांडला? तो खर्च वहीत येत नाही, कारण त्याचं बिल आलं नाही.

आणि पाचवा, जो कोणी तोंडाने म्हणत नाही पण नजरेत असतो : "यांना काय कळणार!" इथे मात्र माझं डोकं फिरतं. यंत्राला फक्त 'जुळलं की नाही' एवढंच कळतं, 'बरोबर की चूक' नाही. तो ऱ्ह युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो. ऱ घेऊन किंवा साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह घेऊन. कागदावर दोन्ही सारखेच. पण एका तऱ्हेने लिहिलेला शब्द दुसऱ्या तऱ्हेने शोधायला जा, साधा शोध तो सापडत नाही म्हणून सांगतो. मग अपेक्षित उत्तर कुठलं धरायचं? हे ज्याला भाषा येते त्याच्याशी बोलूनच ठरणार. ज्याला कळतं त्याला निकाल दिसत नाही आणि ज्याला निकाल दिसतो त्याला ऱ्ह कळत नाही, अशी ही आपली व्यवस्था.

मागणी साधी आहे. रोजचा निकाल उघडा ठेवा. प्रत्येक चाचणीपुढे चार गोष्टी लिहा : काय दिलं, काय अपेक्षित होतं, काय आलं, आणि ॲपची आवृत्ती कुठली. अपेक्षित उत्तर कोणी ठरवलं तेही लिहा, माणसाने की यंत्राने. आणि लाल दिवा किती दिवस लाल आहे तो आकडा दिसू द्या. बस्स.

मी कंपनीला हेच लिहून पाठवलंय. 'विचार करू' असं उत्तर आलंय. करोत. तोवर शब्द पाठवणं मी थांबवलंय. काकांची दुसरी वही माझ्या टेबलाच्या खणात आहे, तीनशेएक शब्द आहेत त्यात. निकाल उघडे होतील त्या दिवशी ती बाहेर निघेल.

माझ्यासारखे जे अशा कामात आहेत त्यांनाही एक विनंती. 'सगळं हिरवं आहे' हे स्वतः बघितल्याशिवाय पुढे सांगू नका. कंपनीने मला फसवलं नाही, त्यांना स्वतःलाच माहीत नव्हतं. पण काकांना दोन वर्षं ते वाक्य ऐकवलं ते मी. न बघता.

आई, तू हे वाचत असशील तर तांत्रिक भाग सोडून दे. एवढंच कर, काकूंकडे जाशील तेव्हा काकांना सांग, की या वेळी मी रिकाम्या हाताने बोलावणार नाही. निकालाचा कागद हातात आला की मीच जिना चढून वर येईन.

लाल पेन त्यांच्याकडे आहेच.