पाचपैकी सव्वाचार

या त्रैमासिकाच्या संपादकांनी गेल्या महिन्यात आमच्याकडे एक हस्तलिखित पाठविले आणि आमचे मत मागितले. लेखक आमच्याच धर्मग्रामातला, नोकरीनिमित्त तीन वर्षे युरोपात राहून आलेला तरुण. विषय : बेल्जियममधील मठांत आणि प्रादेशिक ब्रुअरींत तयार होणाऱ्या सात बिअरची चव व परीक्षण. रंग, फेस, गंध, चव अशी चार सदरे आणि शेवटी पाचपैकी गुण. संपादक मंडळातील दोघा ज्येष्ठांनी 'कॅथलिक नियतकालिकात दारूचे कौतुक नको' असा शेरा मारून लेख परत पाठविण्याची शिफारस केली होती. तो परत पाठवावा असे आमचेही मत आहे. मात्र ज्येष्ठांचे कारण आम्हांला मान्य नाही, आणि ते का मान्य नाही हे आधी सांगितल्याशिवाय आमचे कारण पुढे करण्याचा अधिकार आम्हांला पोचत नाही.

ज्येष्ठांना आम्ही आदरपूर्वक एवढेच विचारतो की, ज्या पेयावर आशीर्वाद मागण्याची प्रार्थना ख्रिस्तसभेने आपल्या जुन्या रोमन विधिग्रंथात ठेवली, ते पेय नावानेच अपवित्र कसे ठरते? सहाव्या शतकात आपली नियमावली लिहिताना संत बेनेडिक्ट यांनी 40 व्या प्रकरणात मठवासीयांच्या द्राक्षारसाचा प्रश्न हाताळला आहे. मठवासीयांनी मद्य घेऊच नये हे त्यांना ठाऊक होते. आपल्या काळातील मठवासीयांना ते पटणार नाही हेही ठाऊक होते. म्हणून त्यांनी रोजचे माप ठरवून दिले, साधारण पाव लिटरच्या आसपास, आणि पोट भरेपर्यंत पिऊ नका असे बजावले. जागेची गरज, श्रम किंवा उन्हाळ्याची तलखी यांमुळे अधिक लागल्यास ते देण्याची मुभा मठप्रमुखाला दिली. माणूस ओळखणाऱ्या माणसाचे ते लिखाण आहे. ज्येष्ठांची भीती आम्ही क्षुल्लक मानत नाही. दारूने मोडलेल्या घरांत आम्ही मध्यरात्री गेलो आहोत, आणि चाळिशीही न गाठलेल्या बापांच्या शवपेट्यांवर आम्ही पवित्र पाणी शिंपडले आहे. परंतु त्या घरांवर संकट आले ते कोणाच्या लेखामुळे नव्हे. लग्नाच्या मांडवात मेजामेजावर बाटल्या मांडल्या जातात तेव्हा जे ज्येष्ठ पहिल्या रांगेत असतात, त्यांनी छापील ओळीला घाबरावे याचे आम्हांला नवल वाटते. असो.

आता लेखकाकडे वळतो. त्याचे श्रेय प्रथम देतो. चव शब्दांत पकडणे ही विद्या आहे आणि ती कष्टाने येते. मायकल जॅक्सन नावाचे एक इंग्रज पत्रकार (गायक नव्हेत, हे 2007 मध्ये निवर्तले) यांनी 1977 साली जगातील बिअरवर एक मार्गदर्शक ग्रंथ प्रसिद्ध केला. तोवर बिअर म्हणजे मजुराची तहान भागविणारे पिवळे पाणी, तिच्यावर काय लिहावयाचे, असा सार्वत्रिक समज होता. जॅक्सन गावोगावच्या ब्रुअरींत गेले, बनविणाऱ्यांशी बोलले, कोणते पाणी, कोणते धान्य, कोणते यीस्ट हे विचारले आणि मग चवीविषयी लिहिले. बेल्जियमच्या लहान ब्रुअरी जगाला ठाऊक झाल्या त्यात त्यांच्या लेखणीचा मोठा वाटा आहे. 2016 मध्ये युनेस्कोने बेल्जियमची बिअर-संस्कृती मानवाच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतली, त्या घटनेच्या मुळाशीही असे लक्षपूर्वक केलेले लेखन आहे. तेव्हा परीक्षणाला आमचा विरोध नाही. आमचा विरोध गुणांना आहे.

आमच्या तरुण मित्राने ओर्वाल या मठाच्या बिअरला साडेतीन गुण दिले आहेत. आम्ही ल्यूव्हेन येथे अभ्यासासाठी दोन वर्षे होतो, त्या काळात एका सहाध्यायी फ्लेमिश धर्मगुरूंनी आम्हांला ही बिअर पाजली. त्यांनी एकाच वेळी दोन बाटल्या फोडल्या. एक महिन्याभराची, दुसरी वर्ष उलटून गेलेली. ताजीत हॉप्सचा कडवट, फुलांसारखा दरवळ होता. जुनीत तो मावळला होता आणि त्याच्या जागी कोरडेपणा व घोड्याच्या खोगिरासारखा एक रानवट वास आला होता. कारण असे की, या मठाच्या ब्रुअरीत, जी 1931 पासून चालू आहे, बिअर बाटलीत भरताना तिच्यात ब्रेटॅनोमायसीस जातीचे रानटी यीस्ट सोडतात. ते बाटलीत महिनोन्‌महिने काम करीत राहते. बाटली भरल्याची तारीख लेबलावर छापलेली असते. आमच्या मित्राने ती लिहिलेली नाही. मग साडेतीन गुण कोणाला? महिन्याच्या बाटलीला की वर्षाच्या? अर्ध्या वाटेवर असलेल्या माणसाला गुणपत्रिका द्यावी तसे हे झाले.

यादीत सर्वांत वर, सव्वाचार गुणांवर, वेस्टफ्लेटरेन 12 आहे. येथे आम्हांला थोडे थांबले पाहिजे, कारण गुणांनी काय होते याचे याहून स्पष्ट उदाहरण आमच्या माहितीत नाही.

संत सिक्स्तुस यांच्या नावाचा हा ट्रॅपिस्ट मठ बेल्जियमच्या पश्चिम टोकाला, शेतांच्या मधोमध आहे. 1831 साली तो स्थापन झाला आणि काही वर्षांतच तेथे बिअर होऊ लागली. दुसऱ्या महायुद्धानंतर मठाने ठरविले की, मठाचा चरितार्थ चालेल इतकीच बिअर करावयाची; बाहेरच्या बाजारासाठी आपले नाव वापरण्याचा परवाना त्यांनी जवळच्या वातू गावातील ब्रुअरीला दिला, तो 1992 पर्यंत चालला. मठाची बिअर विकली जाई मठाच्याच दारावर आणि समोरच्या उपाहारगृहात. बाटलीला लेबल नसे. सारे काही टोपीवर. पिवळी टोपी म्हणजे 12 क्रमांकाची. वर्षाला पाच लाख लिटरच्या आसपास, म्हणजे मोठ्या कारखान्याच्या हिशेबी नगण्य.

2005 मध्ये 'रेटबिअर' या अमेरिकी संकेतस्थळाने सदस्यांच्या गुणांची बेरीज करून हीच जगातील सर्वोत्तम बिअर असल्याचे जाहीर केले. त्यानंतर त्या शेतांमधल्या अरुंद रस्त्यावर मोटारींच्या लांबच लांब रांगा लागल्या आणि मठाचा साठा संपला. कोणत्याही व्यवस्थापकाने उत्पादन वाढविले असते. मठवासीयांनी वाढविले नाही. त्यांनी दूरध्वनीवरून नोंदणी सुरू केली, मोटारीचा क्रमांक टिपून घेऊ लागले, आणि माल पुढे विकणार नाही असे वचन ग्राहकाकडून मागू लागले. तरी तो विकला गेलाच. 2018 मध्ये नेदरलँड्समधील एका सुपरमार्केट साखळीने मठाला न विचारता हजारो बाटल्या आपल्या फळ्यांवर मांडल्या, एकेक बाटली 10 युरोंच्या घरात, मठातल्या किमतीच्या कितीतरी पट. पुढच्या वर्षी मठाने संगणकावरील नोंदणी सुरू केली. ज्याने बरेच दिवस माल नेलेला नाही त्याला आधी संधी, असा तिचा नियम ठरविला.

यामागे मठवासीयांचा हट्ट पाहणाऱ्यांनी बेनेडिक्टच्या नियमावलीचे 57 वे प्रकरण उघडावे. मठातील कारागिरांनी केलेल्या वस्तूंच्या किमतीत लोभ शिरू नये, म्हणून त्या बाहेरच्या लोकांपेक्षा काहीशा स्वस्त विकाव्या, असे तेथे सांगितले आहे. चौदाशे वर्षांहून जुनी ही आज्ञा पाळण्याचा प्रयत्न तो मठ करतो आहे, आणि सव्वाचार गुण त्या आज्ञेविरुद्ध काम करीत आहेत. हे आम्ही आमच्या मित्राला सांगितले तेव्हा तो म्हणाला, "फादर, पण याच मठाने 2011 साली बेल्जियमच्या दुकानांत आणि 2012 मध्ये अमेरिकेतही बिअर विकली ना?" विकली. मठाची इमारत नव्याने बांधावयाची होती, त्यासाठी. खर्चाची सोय झाल्यावर ती विक्री बंद केली. मिळत असलेला पैसा पुरे झाला असे म्हणून दार लावून घेणारे दुकान आमच्या मित्राने आणखी कोठे पाहिले असल्यास कळवावे.

आता तराजू कोणाच्या हातात होता ते पाहू. जगातील सर्वांत मोठी बिअर कंपनी एबी इनबेव्ह. तिचे मुख्यालय आमच्या ल्यूव्हेनमध्येच आहे. (आम्ही तेथे होतो तेव्हा तिचे नाव वेगळे होते, पण माल्टचा वास तोच.) या कंपनीच्या एका उपकंपनीने 2016 मध्ये 'रेटबिअर'मध्ये हिस्सा घेतला आणि ही गोष्ट जगाला 2017 मध्ये कळली. काही लहान ब्रुअरींच्या मालकांनी आमची नावे यादीतून काढा अशी मागणी केली. 2019 मध्ये सारे संकेतस्थळच कंपनीच्या मालकीचे झाले आणि फेब्रुवारी 2025 मध्ये ते बंद करण्यात आले. हजारो हौशी माणसांनी निष्ठेने दिलेले गुण. तराजू मात्र विक्रेत्यानेच विकत घेतलेला. आपल्याकडे पुणे, मुंबई, गोवा येथील लहान ब्रुअरींच्या बिअरला भ्रमणध्वनीवर गुण देणाऱ्या तरुणांनी हा इतिहास एकदा वाचावा.

आमच्या मित्राच्या यादीत लेफ हेही नाव आहे. 'मठाची परंपरा जिभेवर जाणवते,' असे त्याने लिहिले आहे. दिनांत येथे लेफचा मठ खराच आहे, आणि नावाच्या वापराबद्दल त्याला मोबदलाही मिळतो. पण ती बिअर होते ल्यूव्हेनच्या कारखान्यात, वर सांगितलेल्या कंपनीच्या. जिभेवर काय जाणवले, ते आम्ही त्याला विचारले नाही. 'ट्रॅपिस्ट' हा शब्द असा कोणीही वापरू नये म्हणून मठांना न्यायालयात जावे लागले होते. 1962 मध्ये गेंट येथील न्यायालयाने तो शब्द ट्रॅपिस्ट मठवासीयांचाच, असा निर्णय दिला. 1997 मध्ये मठांनी एकत्र येऊन स्वतःची संस्था काढली आणि षट्कोनी चिन्ह ठरविले : बिअर मठाच्या आवारात झालेली असावी, मठवासीयांच्या देखरेखीखाली, आणि नफा त्यांच्या चरितार्थाला व दानधर्माला जावा. चार सदरांच्या परीक्षणात यातील एकाही गोष्टीला जागा नाही.

आणि मद्याच्या जोराविषयीही नाही. वेस्टफ्लेटरेन 12 मध्ये अल्कोहोलचे प्रमाण 10.2 टक्के आहे, बाजारातील नेहमीच्या बिअरच्या दुप्पट. गुणांच्या याद्यांत अशाच जड, गोड, काळ्या आणि दुर्मीळ बिअर वर चढतात. घोटभर चाखणाऱ्याच्या जिभेवर त्या मोठ्याने बोलतात. मठवासी स्वतःच्या जेवणाबरोबर जी हलकी बिअर घेतात, उदाहरणार्थ वेस्टमाले मठाची 'एक्स्ट्रा', ती अशा यादीत कधी शिखरावर दिसली नाही. ज्या ताटासाठी ती केली, त्या ताटाजवळ बसून तिला कोणी गुण देत नाही.

आमच्या मित्राने स्वतःच्या बचावात सांगितले की, आपण पिणारे नव्हे, चाखणारे आहोत. सात बाटल्यांतले मिळून दोन पेलेही प्यालो नाही, मग यात अतिरेक कोठे? सेमिनरीत नैतिक ईशज्ञान शिकविणाऱ्या आमच्या वृद्ध प्राध्यापकांची येथे आठवण झाली. महान संत ग्रेगरी यांना अनुसरून संत थॉमस अक्विनास यांनी खादाडपणाचे पाच प्रकार सांगितले आहेत. फार खाणे हा त्यांतील केवळ एक. वेळेआधी खाणे, अधाशीपणे खाणे, उंची तेच मागणे आणि फाजील चोखंदळपणा करणे हे उरलेले चार. म्हणजे चमचाभर चाखूनही माणूस खादाड असू शकतो. ज्या बाटलीसाठी आमच्या मित्राने दलालाला पैसे मोजले (किती, ते त्याने सांगितले नाही, त्याच्या आईने सांगितले), ती आमच्या मेजावर त्याने उघडली, फोटो काढला, दोन घोट घेतले, आकडा नोंदविला आणि उरलेली मोरीत ओतू लागला. आम्ही त्याचा हात धरला. ती बाटली आम्ही, आमचा आचारी आणि शेजारच्या शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक अशा तिघांनी रात्रीच्या जेवणाबरोबर वाटून घेतली. चवीबद्दल आचाऱ्याचे मत असे पडले की, खजूर आणि करपलेल्या गुळासारखी लागते, आणि मटण असते तर बरे झाले असते. सातही परीक्षणांत एवढे नेमके वाक्य आम्हांला सापडले नाही.

आमच्या अस्वस्थतेचे खरे कारण मात्र लेखाच्या शेवटच्या परिच्छेदात आहे. 'आखेलच्या बिअरचा दर्जा पूर्वीइतकाच आहे, चार गुण,' असे तेथे लिहिले आहे. आखेल हाही ट्रॅपिस्ट मठ होता. मठवासी म्हातारे होत गेले, नवे कोणी आले नाही. शेवटी तेथे राहणारा मठवासीच उरला नाही, म्हणून 2021 मध्ये त्या बिअरवरील षट्कोनी चिन्ह गेले. 2023 मध्ये मठ व ब्रुअरी खाजगी मालकाकडे गेली. अमेरिकेत स्पेन्सर येथील मठाने 2013 मध्ये ब्रुअरी काढली होती. तीही 2022 मध्ये बंद झाली. आखेलच्या प्रार्थनामंदिरात दिवसातून सात वेळा होणारी स्तोत्रे थांबली, आणि आमच्या परीक्षकाच्या वहीत चारांचे चारच राहिले. चव तीच असेलही. त्याच्या जिभेवर आमचा अविश्वास नाही. पण एक अख्खा धर्मसंघ एका गावातून नाहीसा होतो आणि त्याच्या हातच्या वस्तूविषयी लिहिणाऱ्याला ते लिहावेसे वाटत नाही, तर मग त्याने कशाचे परीक्षण केले?

संपादकांना आमची सूचना अशी. लेख परत करावा, पण दारू म्हणून नव्हे. लेखकाला सांगावे की, आकडे खोडून काढ. प्रत्येक बिअर कोणी केली, कोठे केली, जागेवरची किंमत काय, जोर किती टक्के आणि बाटली कोणत्या तारखेची, एवढे लिही; चवीची तुझी वर्णने चांगली आहेत, ती ठेव. लेफच्या परिच्छेदात कारखान्याचे गाव घाल. आखेलचा परिच्छेद शेवटी नको, सुरुवातीला घे. एवढे करून लेख आला तर तो पुढच्या अंकात छापावा, आणि त्यावर ज्येष्ठांची जी पत्रे येतील ती आमच्या पत्त्यावर धाडावी. आमच्या मित्राला आम्ही हे आधीच कळविले आहे. आकडे काढावयाला त्याची तयारी आहे. फक्त ओर्वालचे साडेतीन तेवढे राहू द्या, म्हणून तो अडून बसला आहे.